टाकीतल्या दृश्यात ती काय म्हणते

मी एका मुक्या चित्रपटाची फीत बोलतेय. आवाज माझ्यात कधी भरलाच नाही, तेव्हा जरा जवळ या.

माझ्या काळी कॅमेरा चालू असताना नट वाटेल ते बोलत. ऐकणार कोण? आमची नायिका तर प्रेमप्रसंगात नायकाच्या गळ्यात पडून म्हणायची, "मेल्या, पुन्हा कांदा खाऊन आलास?" थिएटरात लोक उसासे टाकत. खुदकन हसायची ती एकटी तिची धाकटी बहीण. ती जन्मापासून बहिरी, ओठांवरून बोलणं ओळखायची.

शेवटचं दृश्य बुडण्याचं होतं. स्टुडिओतली टाकी, तिला पाण्याखाली ओढून धरायला पायाला दोर. दिग्दर्शकानं खूण केली की दोर ढिला करायचा, असं ठरलं होतं.

ती खाली गेली, वर आली, ओरडली.

"वा बाई, वा!" दिग्दर्शक म्हणाला. "फिरवत राहा रे, थांबू नका."

कॅमेऱ्यासमोरचं बोलणं ऐकायचं नसतं, ही सवय सगळ्यांच्या अंगात मुरलेली. खूण झाली तेव्हा पाणी शांत होतं. घरी निरोप गेला, पाय घसरून बुडाली.

चित्रपट तुफान चालला. त्या दृश्याला टाळ्या पडायच्या. एकदा बहीण आली आणि पडद्याकडे धावली. पडद्यावरच्या ओठांकडे, मग स्वतःच्या ओठांकडे बोट करून लोकांना दाखवत राहिली.

"डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या," म्हणत दरवानानं तिला बाहेर नेलं.

मग डबा, अंधार, कुबट वास. आता त्या बहिणीची नात दूरदेशी शिकून परतलीय. हातमोजे घालून मला हळुवार उलगडते. ओठ वाचायला तिला आजीनंच शिकवलं.

"मुळात नसलेली संवादाची पाटी दृश्यामध्ये घालायची?" संग्रहालयाचे साहेब कुरकुरले. "अगं, कलाकृती आहे ती."

"माझी मावशीआजी आहे, साहेब."

पाटी लागली: 'दोर सोडा. श्वास घेता येत नाहीये.'

मी ठिसूळ झालेय, आता एकच खेळ निभावेन. पण एक सांगते. त्या दिवशी टाकीत नायिकेची नजर दिग्दर्शकाकडे होती, कॅमेऱ्याच्या बाजूला. तशीच माझ्यावर उमटली. दर खेळाला ती थोडी थोडी सरकत गेली. काल नातीनं मला दिव्यासमोर धरलं आणि भिंग लावून पुन्हा पाहिलं. नायिका आता थेट समोर पाहतेय, खुर्च्यांकडे.

तुम्ही तिथेच बसलेले असाल. टाळ्या वाजवू नका. ती बोलू लागली की, कृपा करून, कुणीतरी उठा.