फळीवरची साल

मुकादमाने पेटीच्या फळीवरच्या सालीखाली पटाशी सारली आणि साल उचकटली. आत बारीक बोगद्यांचं जाळं होतं, त्यात भुसा, आणि भुशात वळवळणारी पांढरी अळी.

परदेशातून मागवलेली फरशी अशाच पेट्यांतून बांधकामाच्या साइटवर यायची. पेट्या फोडून लाकूड आवारातच जाळायचं, असा नियम होता. ही कीड झाडांना लागली की ती उभी वाळतात, असं इंजिनीअर बाईंनी बजावलंही होतं. पण चांगलं लाकूड जाळणं मुकादमाच्या जिवावर यायचं. जो पेटी फोडेल त्याचं लाकूड, हा धंद्यातला जुना रिवाज. मागच्या खेपेच्या फळ्या त्याने टेम्पोत घालून थेट ताईच्या रोपवाटिकेत पोचवल्या होत्या. दाजी गेल्यापासून तिचं घर त्या कलमांवरच चालत होतं.

नव्या पेट्या लगेच जाळायला सांगून त्याने मोटारसायकलला किक मारली. वाटभर त्याचं लक्ष रस्त्यापेक्षा कडेच्या झाडांवरच. एखादा पिवळा शेंडा दिसला की पाय आपोआप ब्रेकवर जायचा.

ताई फाटकापाशीच भेटली.

"आज साहेबांना बहिणीची आठवण कशी काय झाली?"

"ताई, त्या फळ्या कुठायत?"

"अरे, पाणी तरी पी. तोंड बघ कसं उतरलंय."

"आधी फळ्या दाखव."

शेडमध्ये फळ्यांची लांबलचक मांडणी उभी होती, वर कलमांच्या पिशव्या. मुकादम गुडघ्यांवर बसला आणि फळीन् फळी चाचपत गेला. कुठे साल नाही, भोक नाही. रंधा मारलेलं लाकूड हाताला गुळगुळीत लागत होतं.

"साल मी आधीच सोलून काढली," ताई म्हणाली. "सालीत कीड असते, एवढं कळतं मला. तुझ्यासारखी नुसती मिशांनी मोठी नाही झाले."

त्याला इतकं हायसं वाटलं की हसूच फुटलं. आता त्याने आपणहून पाणी मागितलं. दोन घोट पोटात गेल्यावर त्याने विचारलं,

"साली जाळल्यास ना?"

"जाळायच्या कशाला? चांगल्या वाळवल्या उन्हात. चुरा करून कलमांच्या पिशव्यांत घातल्या. ओलावा धरून ठेवतात रे."

त्याने जवळची पिशवी ओढून वरचा थर बोटाने बाजूला केला. तपकिरी चुऱ्यात काहीतरी पांढरं हललं.

बाहेर गाडी थांबली. ताई पदर खोचत उठली. "आलं बघ गिऱ्हाईक. शंभर कलमं न्यायचीत त्यांना."

मुकादम तिच्याआधी फाटकापाशी पोचला आणि त्याने आतून कडी घातली.

"वेडा झालास का? ठरलेलं गिऱ्हाईक आहे!"

"ताई, त्या फळ्या जाळायच्या होत्या. मला सांगितलं होतं तसं. तरी मी तुला दिल्या." त्याने पिशवी तिच्यापुढे धरली.

ताईने वाकून चुऱ्यात बोट घातलं आणि ती अळी उचलून तळहातावर घेतली. बाहेर हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. ती ओरडेल, निदान रडेल तरी, असं मुकादमाला वाटलं.

"आणि कालपर्यंत जी कलमं विकली गेली ती?" तिने हळूच विचारलं.