वाढवलेली गोळी

नाचणगावची जयवंता एसटीत कंडक्टर होती. पुलगाव-आर्वीच्या बसमध्ये दांडीला हातही न लावता ती पुढून मागे जायची, रोहण्याला चढणाऱ्या म्हाताऱ्यांना हाताला धरून बसवायची. दिवाळीनंतर मात्र तिचं अंग साथ देईना. उभं राहिलं की अंधारी यायची. तपासणीत थायरॉइड निघाला. शरीरच आपल्या ग्रंथीवर उलटलंय, असं पुलगावच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि गोळी सुरू केली.

तिचा नवरा रुपेश आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवायचा. मोठा वक्तशीर माणूस. रोज पहाटे गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन तो तिच्या उशाशी उभा राहायचा.

पण गोळीने ती आणखीच खचली. दुसऱ्या डॉक्टरांनी डोस दुप्पट केला. तिसऱ्याने फाइल न उघडताच सांगितलं, "टेन्शन घेऊ नका, बाई. योगा करा." वजन नऊ किलोंनी उतरलं, चेहरा काळवंडला. उन्हातली ड्यूटी, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. एकदा ती लोणच्याचा खार चमच्याने खाताना सासूला, जिजाबाईंना दिसली.

"काऊन वं, डोहाळे लागले का तुले?"

जयवंता हसली नाही. रुपेश म्हणाला, "आई, तिच्या मनानंच घेतलंय. डॉक्टर सांगून राह्यले ना, रिपोर्ट चांगला आहे म्हणून."

जयवंताने खाराची बरणी झाकून ठेवली. आपल्या मनाने खरंच घेतलं असेल, असं तिलाही वाटू लागलं होतं. तेच तिला सगळ्यात जास्त खात होतं.

मार्चमध्ये ती पाचव्यांदा रक्त द्यायला गेली. लॅबमधली काजल दरवेळी तिचं रक्त घ्यायची. त्या दिवशी तिने सुई काढल्यावर जयवंताचा तळहात सोडलाच नाही.

"ताई, या रेघा अशा काळ्या कधीपासून?"

"माईत नाई."

"मी काई डॉक्टर नाई. पण मागच्या रिपोर्टात तुमचं सोडियम लय कमी होतं. सगळे थायरॉइडचाच आकडा पाह्यतात. वर्ध्याले खोडे मॅडम आहेत, त्याईले दाखवा. आजच जा."

रुपेशने कुरकुर केली, पण नेलं. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेतल्या एका साध्या घराच्या खालच्या मजल्यावर दवाखाना होता. डॉ. खोडेंनी जुने कागद तारखेने लावून वाचले. मग जयवंताचे ओठ उलटून पाहिले, झोपवून आणि उभं करून बीपी घेतलं. उभी राहताच तिचे गुडघे वाकले, रुपेशने सावरलं.

"मीठ खावंसं वाटतं?"

जयवंताला एकदम रडू फुटलं. पाच महिन्यांत हा प्रश्न तिला कोणीच विचारला नव्हता.

"थायरॉइड आहेच," डॉक्टर म्हणाल्या. "पण मूत्रपिंडावरच्या ग्रंथीही शरीराने मारत आणल्यात. मिठाची ओढ, हातावरच्या काळ्या रेघा त्यामुळेच. त्यांचं औषध आधी द्यावं लागतं. ते न देता थायरॉइडची गोळी वाढवली, की पेशंट ढासळतो. दोन-चार दिवस उशीर झाला असता, तर अवघड होतं."

तिला लगेच भरती केलं. सलाइन आणि इंजेक्शनं सुरू झाली. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली. औषध आता जन्मभराचं होतं. ताप आला तर डोस वाढवायचा, इंजेक्शन कायम सोबत ठेवायचं. धावत्या बसमध्ये ओकारी झाली तर काय करायचं, हे ती डॉक्टरांना दोन-दोनदा विचारत होती.

रुपेश खाटेजवळच्या स्टुलावर खाली मान घालून बसला होता.

"रोज सकाळी मीच देत होतो ती गोळी," तो शेवटी म्हणाला. "तू नको म्हणत होती, तरी."

त्याला 'तुमचा काय दोष' म्हणावं, असं जयवंताच्या ओठांवर आलं. ते खरंही होतं. पण 'तिच्या मनानंच घेतलंय' हे शब्दही त्याचेच होते. ती भिंतीकडे वळून निजली. मग म्हणाली, "मले बसवा थोडं. पाठ दुखून राह्यली."

तो झटकन उठला.