गोणपाटाची गाठ

सोमवारचा खोकला गुणाजीला बरोबर ओळखू यायचा. सतरा वर्षं गिरणीत कापसाचा धुरळा खाल्लेला माणूस तो! रविवारच्या सुट्टीत छाती मोकळी व्हायची आणि सोमवारी भोंगा झाला की पुन्हा आवळायची. मुकादम हातावर गुळाचा खडा ठेवायचा, झालं औषध. पण संपात गिरणी बंद पडून चार वर्षं झाली होती. आता तो अंधेरीला एका ऑफिसचं एसी मशीन सांभाळत होता, आणि तोच खोकला त्याच्या लेकीला, अनुपमाला लागला होता.

अनुपमा त्याच ऑफिसात टायपिस्ट. दिवाळीपासून खोकत होती. एक्स-रे साफ निघाला, तरी टीबीची कुजबुज सुरू झालीच. लोकांच्या जिभेला काय हाड असतं? मॅनेजर चंद्रप्रकाश साहेबांनी तर सांगूनच टाकलं, महिनाअखेर खोकला थांबला नाही तर पोरीला घरी बसव.

गंमत अशी, की रविवारी घाटकोपरच्या खोलीत पोरगी ठणठणीत. स्टोव्हचा धूर, मिरचीचा खाट, कशाचाच त्रास नाही. सोमवारी दुपारचे बारा वाजले की सुरू! शेजारच्या टेबलावरची क्षमाही हल्ली खाकरू लागलेली. च्यायला, म्हणजे दुखणं पोरीत नाही, इमारतीत आहे! हा किडा एकदा डोक्यात वळवळल्यावर गुणाजीला चैन पडेना.

त्याने दोऱ्याला कापसाचा पुंजका बांधला आणि अनुपमाच्या डोक्यावरच्या एसीच्या जाळीसमोर धरला. वारा कुठून कुठे जातो ते गिरणीत असंच बघत. पुंजका जरासुद्धा हलला नाही.

"बाबा, लोक बघतायत ना!"

"बघू देत गो. तू टाईप कर."

तो तडक गच्चीवर गेला आणि मशीन उघडलं. हवा गाळायच्या जाळीवर गोधडीएवढी धूळ. ती धुवायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्यानेही विचारलं नव्हतं. गिरणीत साफसफाईला वेगळा माणूस असे. बाहेरची ताजी हवा आत घेणारी खिडकी वरच्या अंगाला होती. तिच्यावर गोणपाट करकचून बांधलेलं. आणि त्या सुतळीला गाठ कुठली? तुटलेला धागा जोडताना गिरणीवाले मारतात ती! अख्ख्या इमारतीत ती गाठ मारणारा माणूस एकच होता.

दिवाळीच्या तोंडावर, कामाला लागला त्याच आठवड्यात त्याने ते बांधलं होतं. गिरणीत खिडकी उघडी राहिली की हवा सुकते आणि धागा तुटतो, म्हणून हात आपोआप गेला. वर शहाणपणाने म्हणाला होता, "साहेब, बाहेरचं ऊन कशाला थंड करत बसायचं?" साहेबांनी पाठ थोपटली होती.

आपल्याच हाताने पोरीचा श्वास बांधला, या विचाराने गुणाजीला रडू कोसळलं.

मग त्याने गोणपाट फाडून काढलं, जाळी खसाखसा धुतली, सुकवून बसवली आणि साहेबांना वर बोलावून सगळं कबूल केलं.

"अरे, खिडकी उघडी ठेवलीस तर विजेची वाट लागेल!"

"वीज तर आजवरही जातच होती, साहेब. जाळी तुंबलेली, थंड वारा खाली पोचेना, म्हणून कॉम्प्रेसर दिवसभर थांबतच नव्हता. आता जरा कान द्या."

दोघे उभे राहिले. पाऊण तासाने कॉम्प्रेसर खट् करून थांबला.

"बंद पडलं काय रे?"

"नाय साहेब. दम घेतंय."

साहेबांनी तो पुन्हा सुरू होईपर्यंतची मिनिटं घड्याळात मोजली. मग खाली गेले. खिडकी उघडीच राहिली.

पुढच्या सोमवारी बारा वाजले, एक वाजला. अनुपमा एकदाही खोकली नाही. चहाच्या वेळी गुणाजी तिच्या टेबलाशी आला. सवयीने तिच्यासाठी खिशात गूळ होताच.

"गो, ती खिडकी मीच बांधली होती."

दोन महिने लोक अनुपमापासून खुर्ची लांब सरकवून बसत होते.

"आणि वर मलाच रोज गूळ चारत होतात?"

तिने तोंड फिरवलं आणि ताडताड एक ओळ टाईप केली. मग हात पुढे केला. "द्या."

खडा मोडून तिने अर्धा त्याच्या हातावर ठेवला. "खा. आणि जाळी दर सोमवारी धुवायची. मी वर येऊन बघणार."

गुणाजीने गूळ तोंडात टाकला आणि या सोमवारची जाळी धुवायला जिना चढू लागला.