शांत सूर्याची सरळ रेघ

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सूर्यावर वर्षातली सर्वांत मोठी ज्वाला उसळली आणि टिंबूचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. कागदोपत्री मात्र असं काही झालं नाही.

टिंबू वेधशाळेत सूर्याचे डाग मोजायचा. रोज सकाळी सूर्याच्या प्रतिमेवर कागद धरून एकेक डाग पेन्सिलीनं गिरवायचा, म्हणून टिंबू. नोकरी कच्ची होती. तीन अंदाज चुकले की घरी, एक बरोबर आला की कायम, असा करार. दोन चुकून झाले होते. तिसरा त्यानं छातीठोकपणे दिला: चौदा नंबरचा डागसमूह सोमवारी दुपारच्या आत भडकणार.

नेमकी अकराला साहेबांच्या मेव्हण्यानं दुर्बीण पुसायला बंद केली. पुसण्यापलीकडे तो कशालाच हात लावत नसे, एवढंच काय ते सुदैव. पाऊण तासानं दुर्बीण सुरू झाली. आलेखातली मधली रिकामी जागा संगणकानं नियमाप्रमाणे सरळ रेघ मारून भरली.

"बघ," साहेब म्हणाले, "तान्हं बाळ झोपावं तसा सूर्य."

"साहेब, दुर्बीण बंद होती."

"बंद असताना तुला ज्वाला दिसली का?"

"दिसणार कशी?"

"मग झालं तर."

टिंबूची ताई बंदरात बिनतारी संदेश घ्यायची. तिचा फोन आला. "अरे, अकरा दहापासून वीस मिनिटं एकही जहाज बोललं नाही. तुझ्या चौदा नंबरचेच उद्योग ना? झालास बाबा कायम." टिंबूनं फोन तसाच साहेबांच्या कानाला लावला.

"नातेवाइकांची साक्ष चालत नाही," साहेब म्हणाले आणि मेव्हण्याला अहवालावर सही करायला बसवलं.

"आणखी तीन वेधशाळांनी ज्वाला नोंदलीये, साहेब."

"त्यांच्या सूर्याशी आपला काय संबंध?"

साहेब मनाचे वाईट नव्हते. टिंबूची खुर्ची त्यांनी लगेच उचलायला लावली, पण अपिलाची मुभा दिली: हरकत असल्यास सदर घटना आमच्या दुर्बिणीसमोर त्याच दिवशी पाचच्या आत पुन्हा घडवून दाखवावी. चौदा नंबर तर साडेचारलाच सूर्याच्या कडेआड चालला होता. टिंबूनं भिंतीला कागद लावून उभ्याउभ्याच अर्ज लिहिला:

"प्रति, मा. डागसमूह क्र. १४, मार्फत सूर्य. आपण आज ११.१० वाजता केलेला उद्रेक या कार्यालयाच्या नोंदीत आढळून येत नाही. तरी तो सायंकाळी साडेचारपूर्वी मूळ स्वरूपात पुन्हा सादर करावा, ही नम्र विनंती."