दोन बोटं जाड

जाड कापडाचे थर चार बोटांच्या वर गेले, की सुरी तळाला वाकडी शिरते.

*

लिफ्ट अडकली की आतली माणसं आधी हसतात. ओरडायला नंतर लागतात.

*

घटस्फोटाच्या कागदांत दोन खुर्च्या होत्या, इस्त्री होती, पंखा होता. पुस्तकं नव्हती.

*

"वर्षातून एकदा भेटता आणि पुस्तकांवर बोलून उठता? अगं, तुम्ही दोघं वेडे की खुळे?"

*

कपाटाचा डावा भाग रिकामा करायला अख्खा रविवार गेला.

*

शेवटचं पान आधी वाचणाऱ्या माणसाबरोबर संसार होऊ शकतो. बराच काळ होऊ शकतो.

*

आता हे धागे ओढून घेऊ.

ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापते. लांबलचक टेबलावर थरावर थर अंथरायचे, वरच्यावर खडूने आखायचं आणि उभ्या सुरीचं यंत्र रेघेवरून चालवत न्यायचं. हात जरा हलला की ढीगभर विजारींचा एकच पाय आखूड. कारखान्यात तिला सगळे कात्रीबाई म्हणतात. कात्री हातात घेतल्याला जमाना लोटला, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

तो लिफ्ट दुरुस्त करतो. तिच्या माहेरी त्याचं नाव लिफ्टवाला, तिच्या धाकट्या बहिणीने ठेवलेलं. लग्नात लाडाने, घटस्फोटानंतर दातओठ खाऊन. नाव तेच, चव बदलली.

त्यांचं भांडण मोठं नव्हतं, लांब होतं. कुठल्याशा इमारतीत कुणीतरी अडकायचं, फोन वाजायचा, तो जेवणावरून उठायचा. तो परत येईतो ती रुसून बसायची, आणि तिचा रुसवा निघेतो दुसरा फोन यायचा. अशी वर्षं गेली. शेवटी दोघांनी शहाण्या माणसांसारखं सगळं वाटून घेतलं. पुस्तकांपाशी मात्र अडलं. कुठलं कुणाचं, हे कुणालाच सांगता येईना, कारण प्रत्येक पुस्तक दोघांनी एकापाठोपाठ एक वाचलेलं. मग असं ठरलं, की दर वर्षी, अर्धं वर्ष सरलं की एकदा, दोघांच्या गावांच्या मधोमध असलेल्या बसस्थानकाच्या उपाहारगृहात भेटायचं. वर्षभरात वाचलेल्यांतली आवडती पाच पुस्तकं एकमेकांना सांगायची. आळीपाळीने. पाचवं आधी, पहिलं शेवटी. बाकी काही विचारायचं नाही.

आणि पुस्तक सांगताना पानं नाही सांगायची, जाडी सांगायची. बोटांत. हे कात्रीबाईचं. तिला आकड्यांपेक्षा थर कळतात. लग्नानंतर तोही तसंच मोजायला लागला. "बोटभर आहे." "तीन बोटं, पण उतरतं भरभर." हॉटेलातला पोऱ्या पाहत राहायचा, ही माणसं नक्की काय मागवतायत म्हणून.

सहा वर्षं दोघांनी हे पाळलं. तिचा वर्षाचा हिशेबच तसा झाला. पुस्तक उघडताना पहिला विचार यायचा, हे त्याला सांगण्याजोगं आहे का? अर्ध्यातून कितीतरी पुस्तकं तिने मिटली. वाईट नव्हती, पण त्याला काय सांगणार त्यातलं?

यंदा ती त्याला 'परत ये' म्हणणार होती.

*

धाकटीचा फोन, निघायच्या आदल्या दिवशी.

"मग बोलणार कधी तू?"

"माझं पहिलं पुस्तक सांगून झालं की."

"म्हणजे त्याची पाच आणि तुझी पाच ऐकून झाल्यावर? तोवर बस जाईल तुझी."

"जाऊ दे."

"ताई, सरळ फोन उचल आणि सांग, बाबा रे, चुकलं दोघांचं, ये. पुस्तकं कशाला मध्ये?"

"फोनवर तो नुसतं हं हं करतो."

"लिफ्टवालाच तो. बटण दाबल्याशिवाय हलायचा नाही."

"तेच दाबायला चाललेय."

धाकटी हसली. मग म्हणाली, "तो निळा ड्रेस घालून जा. त्यात तू कमी चिडकी दिसतेस."

*

उपाहारगृहाला मोठ्या खिडक्या. टेबलांना पत्र्याच्या कडा. स्वयंपाकघर तळमजल्यावर, म्हणून भिंतीत एक छोटी सामानाची लिफ्ट. तिच्यातून चहा-टोस्ट वर यायचे आणि खरकटं खाली जायचं. तो त्या लिफ्टकडे तोंड करूनच बसायचा. हाडाचा कारागीर, पाहुणा म्हणून कुठे बसूच शकत नाही.

तो आधीच आलेला होता. केस नीट कापलेले. तिला बरं वाटलं. माझ्यासाठी, असं तिने मनातल्या मनात धरूनही टाकलं.

"किती वाजता निघालीस?"

"हा प्रश्न चालत नाही."

"बरं बाई. पाचवं सांग."

*

तिचं पाचवं: एका गावातलं घड्याळ बंद पडतं आणि ते दुरुस्त करायचं की नाही यावरून गावाचे दोन तट पडतात. दीड बोट.

त्याचं पाचवं: तुरुंगात बाग करणारा माळी.

तिचं चौथं: आजीच्या मरणानंतर सहा नातवंडं एक घर विकायला बसतात. चांगलं आहे, पण नातवंडं दोन कमी चालली असती.

त्याचं चौथं: दोन भाऊ एक म्हातारा घोडा विकायला बाजारात नेतात, आणि शेवटी—

इथे तो थांबला आणि घोड्याच्या दलालाचा आवाज काढून बोलला. नाकातून, लांबवत. "माऽलक, घोडा नाही हा, घरचा माणूस आहे." आणि स्वतःच खो खो हसला.

तीही हसली. हसता हसता तिच्या मनात काहीतरी खुट्ट झालं. या माणसाने जन्मात कधी कुणाचा आवाज काढला नव्हता. तो पुस्तक सांगायचा ते जिना सांगितल्यासारखं. पहिला मजला, दुसरा मजला, इथे अडकतं.

"तू नक्कल करतोस?"

"कुठे, सहज." त्याने टोस्टचा तुकडा तोडला. "पुस्तकातच तसा बोलतो तो."

*

तिचं तिसरं तिने घाईत उरकलं.

त्याचं तिसरं: समुद्रातल्या दीपगृहावर एकटा राहणारा राखणदार. वर्षभर त्याला कुणी भेटत नाही. एक पक्षी तेवढा येतो.

"मी वाचलंय ते!" ती म्हणाली. सहा वर्षांत एकदाही असं घडलं नव्हतं. दोघांनी आपापल्या गावी, एकमेकांना न सांगता, एकच पुस्तक वाचलेलं. तिचा जीव सुपाएवढा झाला. आत्ताच बोलावं का? कशाला पहिल्या पुस्तकाची वाट पाहायची?

"छान आहे ना?" तो म्हणाला. "जाडजूड, पण संपू नये वाटतं."

"जाडजूड?"

"म्हणजे..." त्याने हात उचलला, दोन बोटं जुळवली, जरा थांबला, तिसरं बोट अर्धवट आणलं. "दोन. दोन तर असेलच."

ती त्याच्या बोटांकडे बघत राहिली. ते पुस्तक तिच्या उशाशी होतं. दाराखालून सरकवलेल्या पत्रासारखं बारीक. अर्धं बोटसुद्धा नाही.

*

(ती जे बोलली नाही ते.)

वाचलंच नसेल. कुणाकडून तरी ऐकून आला असेल, मला बरं वाटावं म्हणून.

पण पक्षी माहीत आहे त्याला. राखणदार त्याच्यासाठी खिडकीची काच फोडतो, तेही माहीत असेल.

"काच कधी फोडतो तो?" तिने विचारलं.

"वादळाच्या आधी. नंतर नाही. नंतर फोडली असती तर त्यात काय होतं?"

वाचलंय. ओळ न् ओळ वाचलंय. आणि हातात धरलेलं नाही.

मग डोळे. डोळे गेले असतील. लिफ्टच्या अंधाऱ्या खोबणींत, बॅटरीच्या उजेडात इतकी वर्षं तारा बघून कुणाचे राहतील? सांगत नसेल मेला, मुलखाचा मानी. कुणीतरी वाचून दाखवत असेल, शेजारचं कुणी, पैसे देऊन ठेवलेलं कुणी.

आणि लाज वाटावी असा एक आनंद तिच्या पोटात उठला. डोळे गेले असतील तर बरंच की. मग तिला 'परत ये' म्हणायला कारण मिळतं, त्याला यायला कारण मिळतं. रोज संध्याकाळी जेवणं आटोपली की ती वाचेल. तो खुर्चीत, ती दिव्यापाशी. तो मध्येच 'थांब, परत वाच' म्हणेल. कपाटाचा डावा भाग रिकामाच आहे.

ती एवढं सगळं एका घोटात जगून आली.

*

"बघ, बघ," तो म्हणाला. भिंतीतली छोटी लिफ्ट कुरकुरत वर आली होती. "पन्नास किलोची मर्यादा आहे, आणि बघ काय चढवलंय. तपासणीची तारीखही उलटून गेलीय. मागच्या वर्षातली आहे."

लिफ्टच्या चौकटीवर नखाएवढ्या अक्षरांची पट्टी होती. चार टेबलं पलीकडे. तिला ती पट्टी आहे एवढंच दिसत होतं.

"दिसतं तुला?"

"म्हणजे काय? मला नाही दिसणार तर कुणाला?"

डोळे लखलखीत होते.

*

तिचं दुसरं काय होतं ते तिला आता आठवेना. तिने काहीतरी सांगितलं. त्यानेही दुसरं सांगितलं. त्यातही कुणाचा तरी आवाज काढला, या खेपेला बाईचा, आणि तो आवाज दुसऱ्या एका बाईने काढलेल्या आवाजाचा आवाज होता. एकदा कळल्यावर ते लपत नव्हतं. अर्धं बोट जाडीचं पुस्तक दोन बोटांचं कधी होतं? रोज थोडं थोडं ऐकलं तर होतं. कुणी हळू वाचलं, मध्ये थांबून पाणी प्यायलं, 'आता उद्या' म्हणून मिटलं, तर होतं. अख्खा हिवाळा पुरतं.

पहिलं मात्र तिने त्यालाच आधी सांगायला लावलं. त्याचं पहिलं: एक कुटुंब घर बदलतं. बस, एवढंच. सामान बांधतात.

"तुला असलं आवडत नाही," ती म्हणाली. "काहीच घडत नाही म्हणून तू फेकायचास."

"मलाही तसंच वाटायचं," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा मऊ झाला की तिने खिडकीबाहेर बघितलं.

*

आता तिचं पहिलं.

ते तिने चार महिने जपून ठेवलं होतं. कसं सांगायचं, कुठे थांबायचं, कुठल्या वाक्यावर त्याच्याकडे बघायचं, सगळं आखलेलं. नदीवर होडी चालवणारी एक बाई. नदीवर पूल होतो. लोक पुलावरून जायला लागतात. एकच माणूस रोज खाली उतरतो, वाळूतून चालत येतो आणि तिच्या होडीत बसतो. त्याला पुलावरून लवकर जाता आलं असतं. तो का येतो हे ती विचारत नाही, तो सांगत नाही.

तिने सांगितलं. आखल्याप्रमाणे नाही, पण सांगितलं. सांगताना आवाज कुठे कापला नाही. सुरी रेघेवरून न्यायची सवय.

मग ती थांबली. इथेच तो दर वर्षी पुढे झुकायचा आणि म्हणायचा, "शेवट काय? शेवट सांग आधी."

"शेवट सांगू नकोस," तो म्हणाला.

उपाहारगृहात कुणीतरी खुर्ची ओढली.

"नाव सांग तेवढं. आम्ही... मी घेतो ते."

'ये ना परत' हे दोनतीन शब्द तिच्या जिभेवर तयार होते. बोलली असती तर तो ऐकून घेणारा होता, हळहळणारा होता, कदाचित रडलाही असता. आणि पुढच्या वर्षी आला नसता.

नाव न सांगणंही तिच्या हातात होतं. आठवत नाही म्हणायचं. दुसरंच सांगायचं. एवढं एक पुस्तक तरी आपल्याकडे ठेवायचं.

तिने नाव सांगितलं. मग म्हणाली, "मोठ्याने वाचायला चांगलं आहे. वाक्यं छोटी आहेत."

त्याचा कप ओठांपाशीच राहिला.

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच. दोन बोटं म्हणालास."

त्याने कप खाली ठेवला. हात टेबलावर पालथा पडला होता. तो स्वतःच्या बोटांकडे बघायला लागला.

"मी सांगणार होतो," तो म्हणाला.

"बाकी काही विचारायचं नाही, असं ठरलंय आपलं."

"विचारायचं नाही ठरलंय. सांगायचं नाही असं कुठे?"

"मग सांग."

त्याने कपाखालची बशी सरळ केली. शेवटी म्हणाला, "चांगलं वाचते."

"हळू वाचते."

"हो," तो म्हणाला. "हळू वाचते."

*

तिच्या बसचा भोंगा वाजला. तो तिची पिशवी घेऊन फलाटापर्यंत आला. पिशवी त्याने उगाच दोनदा या हातातून त्या हातात केली.

"पुढल्या वर्षी?" त्याने विचारलं.

"पाच," ती म्हणाली. "पाचवं आधी."

"नक्की?"

"आणि हातात घेऊन बघत जा जरा. जाडी चुकते तुझी."

तो हसला. त्याला वाटलं, ती चिडवतेय. बरं झालं.

बस निघाल्यावर धाकटीचा फोन आला; तिने वाजू दिला. पिशवीतून होडीवालीचं पुस्तक काढलं, गुडघ्यावर उघडलं आणि पहिलं वाक्य ओठ हलवून वाचलं. दुसरं थोड्या आवाजात. तिसऱ्याला शेजारच्या बाईने मान वळवली, तशी ती थांबली. मग बाईच म्हणाली, "वाचा की, वाचा. पुढे काय?"

तिने पान उलटलं.

*

लग्न झालं त्या वर्षी एका संध्याकाळी तिने त्याला एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवायला घेतली होती. दुसऱ्या पानावर तो झोपला.