लाल डोळा मिटवणारा बाबा

टॅक्सीतळावर पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध एक टॅक्सी, तिच्या काचांवर काळं कापड आणि आत एकटा बाबा. बाहेर ड्रायव्हर मंडळी हात जोडून उभी. आतून आधी घुमण्याचा आवाज आला, मग काहीतरी खुटखुट, मग एकदम शांतता. घामाघूम बाबा बाहेर आले.

"रक्तवर्णी डोळा मिटला! आता या वाहनाला बाधा नाही, बाधेचा बापही नाही!"

गाडी सुरू केली, तर डॅशबोर्डवर कालपर्यंत जळणारा बॅटरीचा लाल दिवा खरंच विझलेला. लोकांनी बाबांच्या पायांवर लोळण घेतली. दिवसभर गाडी गॅरेजात अडकवण्यापेक्षा हे सोयीचंच होतं.

मी कपाळाला हात लावून बघत होते. मी तंत्रशाळेत मोटारीची वीज शिकवते, पण इथे आले होते ती धाकट्या बहिणीला अडवायला. भाऊजी याच तळावर टॅक्सी चालवायचे; ती त्यांना दवाखान्यात नेत असताना ते त्याच टॅक्सीत, तिच्या शेजारच्या सीटवर वारले. तेव्हापासून ती टॅक्सी तीच चालवते. दोन मुलींची शाळा आणि घर त्यावरच चालतं. तिच्या गाडीचाही लाल डोळा बाबांनी मिटवला होता, आणि नंतर ती बोगद्यात अडकली.

"ताई, आधी दिवे मंदावले," ती मला सांगत होती. "हॉर्न कण्हल्यासारखा वाजला. मग इंजिन आपोआप बंद. त्या काळोखात शेजारी कुणीतरी श्वास घेत होतं गं. तेच होते. ते असेच हळूहळू विझले होते."

माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? भुतंखेतं मी मानत नाही. पण त्या गाडीत बसल्यावर शेजारच्या सीटकडे बघणं मीही टाळलं.

बाबांचं निदान तयारच होतं. "नवऱ्याचा जीव गाडीत अडकलाय. तू चालवतेस ते त्याला खपत नाही. गाडी मठात सोड." आज ती चावी द्यायला आली होती. बाबांनी हात पुढे केला. मी चावी मधल्यामधे काढून घेतली.

"बाबा, दोन मिनिटं."

बोगद्यातून ओढून तळावर आणलेल्या तिच्या गाडीत बसून, इंजिन सुरू न करता मी चावी फिरवली. ऑइलचा दिवा लागला, हँडब्रेकचा लागला. बॅटरीचा नाही.

"पाहा, मिटलेलाच आहे!" बाबा म्हणाले.

"तेच तर म्हणते मी. इंजिन बंद असताना चावी फिरवली की हा दिवा लागलाच पाहिजे, आणि इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे. रोज सकाळी बघायचात ना सगळे?"

लाल दिवा दिसत नाही या आनंदात हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मी बॉनेट उघडलं. इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी भरतो तो अल्टरनेटर. त्याच्यापासून दिव्याकडे जाणारी बारीक वायर काढून मी गाडीच्या पत्र्याला टेकवली. "अल्टरनेटर मेलेला असला तरी आता दिवा लागायला हवा." लागला नाही. म्हणजे एक तर वायर तुटलेली किंवा दिवाच गेलेला. डॅशबोर्डमधला दिव्यांचा फलक बाहेर ओढला. बॅटरीच्या चिन्हामागची जागा रिकामी! बल्ब नव्हताच.

"आत्म्याने नेला असेल," बाबा चाचरले.

"आत्म्याला स्क्रू-ड्रायव्हर लागतो वाटतं!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "आतली ती खुटखुट!"

हँडब्रेकचा बल्ब काढून मी त्या जागी बसवला, वायर परत जोडली. लाल दिवा लागला. तिची बॅटरी उतरलेली, म्हणून दुसऱ्या टॅक्सीची जोडून इंजिन सुरू केलं, तरी तो जळतच राहिला.

"अल्टरनेटर बंद आहे," मी बहिणीला म्हटलं. "बॅटरी भरतच नव्हती. हा दिवा तेवढंच सांगत होता. यांनी सांगणाराच काढून टाकला, आणि तू उरल्यासुरल्या विजेवर बोगद्यात गेलीस."

"म्हणजे ते नव्हते?"

"नव्हते गं."

ती ढसाढसा रडली. माझा संताप संताप झाला. या माणसाने भाऊजींना परत आणल्याचं नाटक केलं, तेही तिच्यावर रागावलेले, आणि आता ती त्यांना पुन्हा गमावत होती.

मग तिने डोळे पुसले आणि ड्रायव्हरांकडे वळली. "आपापल्या चाव्या फिरवा. इंजिन सुरू करू नका."

रांगेत चाव्या फिरल्या.

"माझा लागत नाही," एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला.

"माझाही." मग आणखी एक. मग आणखी. बाबा निघायच्या बेतात होते, पण त्यांना कुणी वाट दिली नाही.

वाचकहो, संकटाची खबर देणारा दिवा काढून टाकला म्हणून संकट जात नाही. कुणी तसं सांगितलं, तर पाया पडण्याआधी चावी फिरवून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. त्या बोगद्यात माझ्या बहिणीच्या विझलेल्या गाडीमागून एक ट्रक येत होता. त्याच्या ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक दाबला, म्हणून मला आज बहीण आहे.