पंचाक्षरीने नाव सोडलं

पंचाक्षरी हिरेमठ सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात सव्वीस वर्षं कारकून होता. हौशी नाटकांत तो पोस्टमन, हवालदार, शेजारी असली कामं करी. यंदा दिग्दर्शिका झीनत मॅडमनी स्पर्धेसाठी एक गाजलेलं नाटक घेतलं. त्यात एक साधा गृहस्थ सकाळी उठतो आणि मी तो नव्हेच म्हणतो. घरचे हादरतात, डॉक्टर येतात, आणि शेवटी वेडा नेमका कोण तेच कळेनासं होतं. ठरलेल्या नटाची पुण्याला बदली झाली, म्हणून ही भूमिका पंचाक्षरीकडे आली.

तालमीत तो डोळे फिरवायचा, केस ओढायचा. उर्दू शाळेत शिकवणाऱ्या झीनत मॅडमनी दहा दिवस हे पाहिलं.

"वेड्याचं सोंग नका करू," त्या म्हणाल्या. "आठ दिवस फक्त स्वतःचं नाव सोडा. काय होतं ते बघा."

पंचाक्षरीने ते मनावर घेतलं. सोमवारी मालक मल्लप्पांनी हाक मारली, तेव्हा त्याने पंचाक्षरी मी नव्हे असं सांगितलं. मल्लप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. जो कोण असशील त्याने पार्सलांवरचे पत्ते बाराच्या आत लिहून टाकावेत, असं म्हणून ते फोनवर बोलू लागले. त्याने पत्ते लिहिले. घरी बायको श्रीदेवी त्याला नावाने हाकच मारत नसे, त्यामुळे तिला आपणहून सांगावं लागलं. तिने ऐकून घेतलं, ताट वाढलं आणि जेवण झाल्यावर गिरणीतून पीठ आणायला सांगितलं.

नवव्या दिवशी तो तालमीला लवकर गेला.

"नाटक खोटं हाय, मॅडम," तो म्हणाला. "कुणी हादरत न्हाय."

 झीनत मॅडमनी मग त्याला सगळी वाक्यं तशीच, हवापाण्याची गोष्ट सांगितल्यासारखी म्हणायला लावली.

प्रयोग रविवारी दुपारी होता. दीडशे माणसं होती, बहुतेक नटांचे नातेवाईक. दुसऱ्या अंकात डॉक्टरने विचारलं, "मग तुम्ही कोण?" पुढचं वाक्य पंचाक्षरीचं होतं. तो बोललाच नाही. विंगेतून वाक्य दोनदा सांगितलं गेलं. झीनत मॅडमनी कपाळाला हात लावला.

वाक्य त्याला आठवत होतं. पण समोर कुणी खोकत नव्हतं. पहिल्या रांगेतल्या एका बाईचा हात चिवड्याच्या पुडीतच थांबला होता. तिसऱ्या रांगेत श्रीदेवी पुढे सरकून बसली होती. आपल्या उत्तरासाठी माणसं अशी थांबलेली त्याने जन्मात पाहिली नव्हती. त्याने मिनिटभर ते पाहून घेतलं आणि मग हळूच वाक्य म्हटलं.

बक्षीस मिळालं नाही. मुख्य नट संवाद विसरला, असं परीक्षकांनी लिहिलं. त्याला वाक्य आठवत होतं हे कळल्यावर झीनत मॅडम तक्रार करणार होत्या. त्याने नको म्हटलं.

स्कूटरवर मागे बसलेल्या श्रीदेवीने विचारलं, "तितं येवढा येळ गप का हुता?"

"सगळी माज्यासाठी थांबली हुती की."

 

दुसऱ्या दिवशी तो कामावरून आला, तेव्हा ती भाकरी थापत होती. तिने गॅस बंद केला, पिठाचे हात धुतले आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

"बोला," ती म्हणाली.

पंचाक्षरीला काही सुचेना. ती बसून राहिली.